रोल्स-रॉइसची मालक बेंटली? आणि जुन्या गाड्यांचे आणखी काही प्रश्न

मागच्या अंकात त्या चंदेरी उघड्या टूरर रोल्स-रॉइसचा, म्हणजे १९०७ च्या 'सिल्व्हर घोस्ट'चा फोटो छापला आणि पत्रांचा पाऊस पडला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. कुणाचा राहिला असेल तर राग मानू नका, पुढच्या वेळी बघू.

प्रश्न : काका, तुम्ही फोटोखाली 'एकमेव सिल्व्हर घोस्ट' असं लिहिलंय. पण मी स्वतः रॅलीत दोन-तीन सिल्व्हर घोस्ट बघितल्यात, एक तर हुबेहूब तशीच चंदेरी होती. मग ही एकमेव कशी? (एक वाचक, पुणे)

तुम्ही बघितलेल्या गाड्याही खऱ्याच असणार, आणि मी लिहिलंय तेही खरं आहे. भानगड अशी आहे की कंपनीने त्या मॉडेलचं नाव ठेवलं होतं ४०/५० हॉर्सपॉवर, बास, एवढंच कोरडं नाव. १९०७ मध्ये क्लॉड जॉन्सन नावाचा कंपनीचा सेल्स बघणारा मोठा साहेब होता, भयंकर हुशार माणूस. त्याने या मॉडेलची बारावी चॅसिस (म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा), नंबर ६०५५१, जाहिरातीसाठी बाजूला काढली, तिच्यावर बार्कर कंपनीकडून उघडी बॉडी चढवून घेतली, अल्युमिनियमचा चंदेरी रंग दिला, दिवे-बिवे सगळ्या फिटिंग्जना चांदीचा मुलामा दिला आणि गाडी इतकी बिनआवाजाची चालते म्हणून पुढे पाटी लावली 'सिल्व्हर घोस्ट'. हे त्या एकाच गाडीचं नाव. जॉन्सनला गाड्यांना नावं ठेवायची हौसच होती, इतर गाड्यांनाही त्याने वेगवेगळी नावं दिली होती. पुढे १९२५ मध्ये फँटम आली तेव्हा जुन्या मॉडेलला काहीतरी म्हणायला हवं म्हणून कंपनीने मागे वळून सगळ्याच ४०/५० ना 'सिल्व्हर घोस्ट' म्हणायला सुरुवात केली. अशा गाड्या इंग्लंडात ६,१७३ आणि अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात १,७०१ बनल्या. म्हणजे आडनाव सगळ्यांना मिळालं, पण मूळ पुरुष एकच, रजिस्ट्रेशन नंबर एएक्स २०१.

आणि हुबेहूब चंदेरी गाडीचं म्हणाल तर त्यात नवल काही नाही. त्या काळी रोल्स-रॉइस फक्त चॅसिस आणि इंजिन विकायची, बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून करून घ्यायची. पुढे कित्येक घोस्टच्या बॉड्या बदलल्या, मोठ्या लिमोझिनच्या बॉड्या कुजल्या, काहींची शववाहिनी झाली, काहींचे गॅरेजवाल्यांनी टोइंगचे ट्रक केले (इंजिन ओढायला जबरदस्त, दुसरं काय). मग साठ-सत्तर वर्षांनी रिस्टोर करताना मालक काय करणार, तर सगळ्यात फेमस गाडीची कॉपी. त्यामुळे एएक्स २०१ सारखी दिसणारी बॉडी घातलेल्या घोस्ट जगात बऱ्याच आहेत. चॅसिस आणि इंजिन अस्सल, कपडे उसने.

एक छोटी खूण सांगून ठेवतो. बोनेटवरची ती पंख पसरलेली बाई, स्पिरिट ऑफ एक्स्टसी, चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने १९११ मध्ये केली. त्याआधीच्या गाडीवर ती दिसली तर नंतर कुणीतरी बसवली असं समजायचं. तसंच इलेक्ट्रिक स्टार्टर १९१९ पासूनचा आणि पुढच्या चाकांना ब्रेक तर शेवटी शेवटी. १९१० ची गाडी म्हणून कुणी दाखवली आणि पुढच्या चाकांत ब्रेकचे ड्रम दिसले की आधी कागद मागा, चहा नंतर.

प्रश्न : त्या गाडीने असं काय केलं की एवढं कौतुक? (कॉलेज विद्यार्थिनी, सोलापूर)

ती चालत राहिली, हेच. १९०७ साली मोटार म्हणजे दर पाच-पंचवीस मैलांवर खाली उतरून काहीतरी खुडबुड करायची वस्तू होती, श्रीमंत माणूस सोबत मेकॅनिक घेऊनच फिरायचा. जॉन्सनने ही गाडी स्कॉटलंडच्या रिलायबिलिटी ट्रायलमध्ये, म्हणजे गाडी न बिघडता किती टिकते त्या चाचणीत उतरवली आणि मग लंडन-ग्लासगो-लंडन अशा फेऱ्या सुरू केल्या, दिवसरात्र, फक्त रविवारी सुट्टी, आणि रॉयल ऑटोमोबाइल क्लबचा माणूस सोबत नोंदी करायला. ६२९ मैलांवर गाडी बंद पडली. कारण काय, तर हादऱ्यांनी पेट्रोलचा नळ आपोआप बंद झाला होता. नळ उघडला, निघाली, आणि तिथून पुढे १४,३७१ मैल इंजिन एकदाही स्वतःहून बंद पडलं नाही. त्या आधीचा रेकॉर्ड याच्या जेमतेम निम्मा होता. १५,००० मैल झाल्यावर क्लबच्या लोकांनी गाडी खोलून एकेक पार्ट मोजून बघितला, आणि झिजलेले पार्ट बदलायचा खर्च निघाला २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. नुसत्या चॅसिसचीच किंमत हजार पौंडांच्या घरात होती, त्या हिशोबात हे काहीच नाही. जॉन्सनने तो आकडा जाहिरातीत किती वापरला असेल याची कल्पना तुम्हीच करा.

इंजिनात जादू नव्हती, कारागिरी होती. ७,०३६ सीसी, सहा सिलिंडर, तीन-तीनच्या दोन ब्लॉकमध्ये. त्या काळी सहा सिलिंडरची लांब क्रँकशाफ्ट पिळवटून थरथरायची आणि तुटायची, हे सगळ्या कंपन्यांचं दुखणं होतं. कंपनीच्या हेन्री रॉइसने ती जाडजूड केली, सात बेअरिंगांवर बसवली आणि तेल प्रेशरने आत ढकललं. इग्निशनही डबल, कॉइल आणि मॅग्नेटो दोन्ही, एक गेलं तर दुसरं आहे. ताकद म्हणाल तर ४८ हॉर्सपॉवर, आजच्या बहुतेक लहान हॅचबॅकपेक्षाही कमी.

प्रश्न : मी वाचलं की ही रोल्स-रॉइस बेंटली कंपनीच्या ताब्यात गेली. हे कसं शक्य आहे? छापायची चूक तर नाही ना? (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

चूक नाही साहेब, आणि मला विचाराल तर या गाडीच्या गोष्टीतला सगळ्यात मजेशीर भाग हाच आहे.

सुरुवातीपासून बघू. नंबर एएक्स २०१, त्यातलं एएक्स म्हणजे वेल्सकडच्या मॉनमथशायर परगण्याची सिरीज. गाडी बनली मँचेस्टरला, पळाली लंडन-ग्लासगो, मग मॉनमथशायर कुठून आलं? तर कंपनीच्या नावातला पहिला भागीदार चार्ल्स रोल्स, त्याच्या घराण्याची जहागीर तिकडची. ट्रायलचं काम झाल्यावर १९०८ मध्ये कंपनीने गाडी चक्क विकून टाकली. आज आपल्याला वाटतं की एवढी ऐतिहासिक गाडी, म्युझियममध्ये ठेवायची ना, पण तेव्हा ती वर्षभर वापरलेली डेमो गाडी होती आणि कंपनीला पैसे हवे होते. एका इंग्रज गृहस्थाने ती घेतली आणि पुढे कित्येक वर्षं साध्या घरच्या गाडीसारखी वापरली. मला हे फार आवडतं. कुणी काचेत ठेवली नाही, लोकांनी तिच्यात बसून प्रवास केला, आणि तिच्या आयुष्यातले पाच लाखांच्या वर मैल धरले जातात त्यातले बरेचसे अशा बिनगाजावाजाच्या वापरातलेच असणार.

१९४८ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, गाडी कंपनीकडे परत आली आणि तेव्हापासून पुन्हा कंपनीची शोभेची गाडी म्हणून जगभर फिरली. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिचं मोठं रिस्टोरेशन झालं.

आता मालकीची गंमत. १९७१ मध्ये रोल्स-रॉइस बुडाली. गाड्यांमुळे नाही बरं का, विमानाच्या आरबी२११ इंजिनावर इतका खर्च झाला की तिजोरी रिकामी झाली आणि ब्रिटिश सरकारला कंपनी ताब्यात घ्यावी लागली. १९७३ मध्ये मोटारीचा धंदा विमान इंजिनांपासून तोडून वेगळी कंपनी केली. १९८० मध्ये ती व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीने घेतली. १९९८ मध्ये व्हिकर्सने ती विकायला काढली, फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यू दोघेही तुटून पडले, फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंड मोजून बाजी मारली. क्रू गावचा कारखाना मिळाला, रोल्सच्याच घरातली बेंटली मिळाली, रोल्सची ती ग्रिल आणि बोनेटवरच्या बाईचे हक्कही मिळाले. पण 'रोल्स-रॉइस' हे नाव आणि तो दोन आरचा लोगो विमान इंजिनवाल्या कंपनीकडेच राहिला होता, आणि तिने तो बीएमडब्ल्यूला दिला, फक्त ४ कोटी पौंडांत. वाडा एकाला, नावाची पाटी दुसऱ्याला! शेवटी तडजोड झाली, २००२ अखेरपर्यंत फोक्सवॅगनने नाव वापरायचं आणि २००३ पासून रोल्स-रॉइस बीएमडब्ल्यूची, गुडवुडला नवा कारखाना. क्रूला उरली बेंटली. आणि एएक्स २०१ तर क्रूच्या मालमत्तेत होती, म्हणून ती बेंटलीकडे गेली. जगातली सगळ्यात नावाजलेली रोल्स-रॉइस आणि तिच्या कागदावर मालक म्हणून आले बेंटलीवाले. गुडवुडच्या लोकांना काय वाटलं असेल ते मी इथे लिहीत नाही.

प्रश्न : आमच्या कोल्हापूरला १९०८ मध्ये रोल्स-रॉइस शर्यतीत आली होती असं आजोबा सांगायचे. घरातले सगळे हसायचे. काही तथ्य आहे का हो काका? (एक वाचक, कोल्हापूर)

हसणाऱ्यांना हा अंक दाखवा. आली होती. १९०८ मध्ये फ्रँक नॉरबरी हा रोल्स-रॉइसचा माणूस एक ४०/५० घेऊन मुंबईला उतरला आणि मुंबई-कोल्हापूर-मुंबई ट्रायलमध्ये भाग घेतला. एकूण ६२० मैल, वाटेत सहा घाट, आणि गाडी कुठेही स्वतःहून बंद पडली नाही. आता सरळ रस्त्याने मोजलं तर जाऊन-येऊन पावणेपाचशे मैलांच्या आसपासच होतं, म्हणजे मार्ग चांगलाच फिरवून आखलेला असणार. बोरघाट, कात्रज, खंबाटकी ही नावं तर आपल्याला झोपेतही सुचतात, पण हे घाट डांबराशिवाय डोळ्यासमोर आणा, वर बैलगाड्यांची चाकोरी आणि खाली गाडीला ब्रेक फक्त मागच्या बाजूला. पायाचा ब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर, हाताचा मागच्या चाकांवर, पुढे काहीच नाही. उतारावर ड्रायव्हरच्या हाताला काय घाम फुटला असेल. चढण्यापेक्षा उतरणं कठीण हे आपल्याकडच्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा.

आणि त्या गाडीच्या मालकीचा धागा पुन्हा मराठी घराण्याकडे जातो. ट्रायल जिंकल्यावर ती गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतली, नाव पडलं 'पर्ल ऑफ द ईस्ट'. हेच ते महाराज ज्यांच्या जयविलास पॅलेसमध्ये जेवणाच्या टेबलावरून ब्रँडी आणि सिगार फिरवणारी चांदीची आगगाडी आहे, म्हणजे यंत्रांचं वेड किती होतं बघा. घाटात पास झालेली गाडी बघून इतर संस्थानिकांचीही रांग लागली, आणि स्वातंत्र्यापर्यंत आठशेच्या आसपास रोल्स भारतात आल्या असं धरलं जातं. कंपनीने लंडन-ग्लासगोवर जे केलं तेच आपल्या घाटांत केलं, आधी सगळ्यांसमोर पळवून दाखवायची आणि मग विकायची.

प्रश्न : अलवरच्या महाराजांनी रोल्स-रॉइस कचरा उचलायला लावल्या, हे खरं का? (तीन वाचकांनी विचारलंय)

हीच गोष्ट मी पतियाळाच्या नावाने ऐकलीय, भरतपूरच्या ऐकलीय, निजामाच्याही ऐकलीय. लंडनच्या शोरूममध्ये राजाचा अपमान होतो, तो बदला म्हणून गाड्या विकत घेऊन कचऱ्याला लावतो; गोष्ट एकच, फक्त राजा बदलतो. त्या काळचा एकही कागद कुणी दाखवलेला नाही. व्हॉट्सअॅपवरचा तो झाडू बांधलेल्या गाडीचा फोटो कृपया मला परत पाठवू नका, टायरपुढे झाडू बांधायचे ते रस्त्यावरचे खिळे बाजूला सारायला.

प्रश्न : इतकं सगळं बदललेलं असेल तर गाडी 'ओरिजिनल' म्हणायची कधी? इंजिन बदललं, बॉडी बदलली, मग उरलं काय? (मेकॅनिकल इंजिनिअर, पिंपरी-चिंचवड)

यावर लंडनच्या हायकोर्टात चक्क खटला झालाय, १९९० मध्ये. गाडी होती बेंटली स्पीड सिक्स, 'ओल्ड नंबर वन', जिने १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. पुढे तिचं काय काय झालं ऐका. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचं मोठं इंजिन टाकून इंग्लंडातल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर उतरवली, तिथे भीषण अपघात झाला, ड्रायव्हर क्लाइव्ह डनफी जागेवर गेला. मग तिची रस्त्यावर चालवायची बंद कूपे केली, मग पुन्हा कुणीतरी उघडी केली, असं चालूच. शेवटी एकाने ती १ कोटी पौंडांना विकायचा करार केला आणि घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नाही, पैसे देत नाही.

जज्ज ऑटन यांनी अक्षरशः नटबोल्टचा हिशोब मांडला. १९२९ च्या गाडीतलं खात्रीने सांगावं असं काहीच उरलेलं नाही. १९३० च्या गाडीतला पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंग कॉलम. अपघाताच्या वेळच्या १९३२ च्या गाडीतलं बरंच काही, चॅसिस फ्रेम, सस्पेन्शन, पुढचा अॅक्सल, ते आठ लिटरचं इंजिन आणि काही मीटर. आणि एवढं सगळं मांडून निकाल दिला की हीच अस्सल 'ओल्ड नंबर वन'. कारण गाडी कधी मोडीत निघाली नाही, कधी दोन ठिकाणी वाटली गेली नाही, प्रत्येक बदल एकाच जिवंत गाडीवर होत गेला आणि त्या नावाची दुसरी गाडी जगात कुठेच नाही. घेणाऱ्याला करार पाळावा लागेल असा निकाल.

इंजिनिअर म्हणून तुम्हाला हे पटणार नाही, मला माहितीये, माझेही दोन मेकॅनिक मित्र या निकालावरून अजून भांडतात. पण बाजार याच हिशोबाने चालतो. लोखंड कुठलंही मिळतं, सलग इतिहास मिळत नाही. म्हणून रोल्सच्या बाबतीत लोक आधी चॅसिस कार्ड मागवतात. इंग्लंडात पॉलर्सपरी गावी हंट हाउस आहे, तिथे रोल्स-रॉइसच्या शौकिनांच्या क्लबचं ठाणं आणि जुन्या गाड्यांची कार्डं आहेत. पहिला गिऱ्हाईक कोण, बॉडी कुणी केली, डिलिव्हरी कधी, इतकं त्या कार्डांवर मिळतं. इंजिन नंबर कार्डाशी जुळला तर किंमत एक, नाही जुळला तर दुसरी.

प्रश्न : आमच्या वाड्यात आजोबांची मॉरिस एट टूरर पडून आहे, १९३० च्या दशकातली. ताडपत्रीखाली आहे, इंजिन जाम आहे. पुतण्या म्हणतो बॉडी कापून नवी करू, इंजिन मारुतीचं टाकू, मस्त पळेल. काय करावं? आणि नवीन नियमात रजिस्ट्रेशन होतं का? (गृहिणी, नाशिक)

ताई, पुतण्याच्या हातातून आधी कटर काढून घ्या, बाकी नंतर बोलू.

मॉरिस एट ही काही रोल्स नव्हे, ९१८ सीसीची मध्यमवर्गीय गाडी, पण उघडी टूरर असेल तर शौकीन लोक शोधत असतात. ताडपत्री काढून टाका आधी, खाली ओल धरते आणि पत्रा आतून सडतो. सुती चादर घाला. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा आणि आठ-दहा दिवस तसंच राहू द्या, रोज थोडं थोडं घालत जा. गाडी ढकलून किंवा हँडल मारून जबरदस्तीने फिरवू नका, अडकलेली रिंग तुटली तर काम वाढेल. कितीतरी 'जाम' इंजिनं अशी नुसत्या तेलाने आणि धीराने सुटतात.

रजिस्ट्रेशनचं असं आहे, २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. मारुतीचं इंजिन टाकलंत की विषयच संपला. जुना नंबर असेल तर तोच ठेवता येतो, तो सोडू नका, त्यातच अर्धी शान आहे. नव्याने रजिस्ट्रेशन करावं लागलं तर नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नंतर रिन्यूअलला ५,०००. फॉर्म २० भरायचा, सोबत इन्शुरन्स आणि जुनं आरसी बुक. रोज भाजी आणायला वापरता येणार नाही बरं का, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, गॅरेज एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची परवानगी आहे.

तेव्हा पहिलं काम, आजोबांच्या ट्रंका उघडा. जुनं आरसी बुक, टॅक्सची टोकनं, इन्शुरन्सच्या पावत्या, गाडीसमोर काढलेला लग्नातला फोटो, गॅरेजची बिलं, काही फेकू नका, पिवळा पडलेला चिटोरासुद्धा. आजोबांनी गाडी नवी घेतली होती की कुणा साहेबाकडून सेकंडहँड, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि तारखेसकट लिहून काढा. चॅसिस नंबरची पाटी घासू नका, फक्त मऊ फडक्याने पुसून तिचा फोटो घ्या. इंग्लंडात गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, त्यांच्याकडे बऱ्याच जुन्या ब्रिटिश कंपन्यांचं रेकॉर्ड आहे, सगळ्या मॉडेलांचं नाही, पण ईमेल करून नंबर विचारायला काय जातं. पाटीचा आणि इंजिन नंबरचा फोटो इकडे मासिकाच्या पत्त्यावर पाठवलात तर मीही बघून सांगतो, आणि पुतण्यालाही सोबत घ्या, तेल घालायचं काम त्याच्याकडेच द्या.